पडद्यावरचं रक्त कुणाचं?

ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कुठल्याही गृहसंकुलाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. सकाळी सुविचार येतो, मग पाण्याच्या टँकरची चौकशी होते आणि मधेच कुणीतरी अपघाताची चित्रफीत टाकतं. जखमी माणसाचा चेहरा झाकलेला नसतो. खाली ‘काळजी घ्या’ असं लिहिलेलं असतं आणि उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग लागते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी खाली पडले, काही जण दगावले, तेव्हाही रुळांशेजारच्या जखमींची दृश्यं अशीच फोनाफोनी फिरली. कुणाला त्यात गैर वाटलं नाही. मात्र त्याच इमारतीतला एखादा विशीतला मुलगा जपानी किंवा इटालियन रक्तपटांचा चाहता निघाला, तर घर काळजीत पडतं, ‘डॉक्टरांना दाखवायचं का’ इथपर्यंत बोलणं जातं.

आमच्या मते ही काळजी चुकीच्या ठिकाणी खर्च होते आहे. खऱ्या माणसाचं मरण, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना न विचारता पाहणं आणि पुढे पाठवणं ही गंभीर गोष्ट आहे. कलाकाराच्या संमतीने, साखरेचा पाक आणि सिलिकॉन वापरून उभं केलेलं मरण पाहणं ही जुनी, समजण्याजोगी आणि बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी आवड आहे. या सिनेमांचं मोल ठरवायचं तर रक्त किती आहे हे मोजून काही हाती लागत नाही. ते कुणाचं आहे आणि कशाचं आहे, हे विचारावं लागतं.

इथे बोलणं मल्टिप्लेक्समधल्या भूतपटांबद्दल नाही. कमी पैशांत, ओळखीच्या माणसांना घेऊन काढलेले, प्रमाणपत्राच्या वाटेला न गेलेले आणि शरीराची चिरफाड हाच विषय असलेले सिनेमे, ज्यांना चाहते ‘एक्स्ट्रीम’ किंवा ‘गोर’ म्हणतात, त्यांच्याबद्दल आहे. ही हौस इंटरनेटने जन्माला घातली, हा समज आधी सोडून द्यावा. पॅरिसमधलं ग्राँ गिन्योल हे नाट्यगृह १८९७ ते १९६२ अशी पासष्ट वर्षं डोळे काढणं, गळे कापणं याच खेळांवर चाललं. जेमतेम तीनशे खुर्च्यांचं ते घर. रक्त कार्माइन हा लाल रंग आणि ग्लिसरीन यांचं. एका संध्याकाळी चार-पाच छोट्या नाटिका व्हायच्या, त्यांत भयनाट्य आणि प्रहसन आलटून पालटून यायचं. माणूस ताणला जातो, सुटतो, पुन्हा ताणला जातो. हा क्रम तिथल्या मंडळींना नेमका कळला होता. सिनेमात ही परंपरा १९६३ च्या ‘ब्लड फीस्ट’पासून धरतात. हर्शेल गॉर्डन लुईसने तो फ्लोरिडात अगदी किरकोळ खर्चात काढला.

आपल्याकडे तर या आवडीला शास्त्र आहे. ‘नाट्यशास्त्र’ रचणाऱ्या भरताने आठ रसांत भयानक आणि बीभत्स हे दोन मांडले. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, वर्ण निळा, देवता महाकाल. एवढ्यावर न थांबता त्याने बीभत्साचे प्रकारही पाडले: रक्त वगैरेंमुळे होणारा तो क्षोभज आणि विष्ठा, कृमी यांच्यामुळे होणारा तो उद्वेगी. एक्स्ट्रीम सिनेमाचे चाहते आजही जवळपास हीच विभागणी करतात. कुणाला रक्त चालतं पण ओकारी आणि अळ्या चालत नाहीत, कुणाचं उलटं असतं. बीभत्सातून भयानक निपजतो, असंही नाट्यशास्त्र सांगतं. किळस आधी, भीती मागून. गंमत अशी की हाच भरत युद्ध आणि मरण रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या निवेदनात्मक प्रवेशातून, कळवायला सांगतो. म्हणजे किती दाखवावं, हा वाद तेव्हाही होता.

सगळ्यात उपयोगी पडतो तो नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं त्याने सांगितली. प्रेक्षक स्वतःच्या खासगी सुखदुःखात अडकला की रस तुटतो, हे त्यांतलं एक. समोरची जखम ‘माझी’ किंवा ‘माझ्या माणसाची’ वाटली की तिथे रस उरत नाही, नुसती वेदना उरते. अमेरिकेत क्लार्क मॅकॉली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रयोगातून हेच दिसलं. विद्यार्थ्यांना कत्तलखाना, शस्त्रक्रिया अशा खऱ्या चित्रफिती दाखवल्या आणि नको वाटेल तेव्हा बंद करायची मुभा दिली. बहुतेकांनी त्या शेवटपर्यंत पाहिल्या नाहीत. याहून कितीतरी जास्त रक्त असलेले सिनेमे याच वयाची मुलं तिकीट काढून पाहतात. फरक एवढाच की सिनेमात आपण बनावाच्या चौकटीत बसलो आहोत, हे शरीराच्या तळाशी कुठेतरी ठाऊक असतं. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिनने तिखट मिरची, रडवणारी गाणी आणि भयपट यांना एकाच खणात टाकलं आहे: शरीर धोक्याची घंटा वाजवतं, मन ‘धोका नाही’ म्हणतं आणि या दोहोंमधल्या अंतरात मजा असते. मात्र मजेला मर्यादा आहे. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी भयघरात शिरलेल्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. भीती फार कमी असली तरी आनंद कमी आणि फार जास्त झाली तरी कमी, असं त्यांना आढळलं. तो मधला पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो. एक्स्ट्रीमच्या चाहत्यांचा तो बराच वर सरकलेला असतो, इतकंच.

आणि तो वर सरकतो कसा, याचं उत्तर कारागिरीत आहे. या सिनेमांचा मुरलेला प्रेक्षक जखम पाहताना ती कशी केली, हेही पाहत असतो. हे ज्ञान त्याला चौकटीची जाणीव देतं. म्हणून ते थोडं तपशिलात सांगायला हवं.

रक्तापासून सुरुवात. परदेशी पाककृतींत कॉर्न सिरप असतं. ठाण्यात केकचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, त्याने काम भागतं. एक किलो ग्लुकोजमध्ये दीडशे ते दोनशे मिली गरम पाणी, दोन-तीन चमचे खायचा लाल रंग, दोन चमचे कोको पावडर आणि निळ्या रंगाचे मोजून काही थेंब. नवशिक्यांचं रक्त सरबतासारखं दिसतं, कारण ते पारदर्शक असतं. खरं रक्त अपारदर्शक असतं, ते काम कोको करते. रंग नारिंगीकडे झुकला तर निळा वाढवायचा, गुलाबीकडे झुकला तर पिवळा, आणि ज्या दिव्यांत चित्रीकरण होणार त्याच दिव्यांत पांढऱ्या कापडावर आधी पाहायचं. ट्यूबलाइटखाली छान वाटलेला रंग एलईडीखाली हमखास बदलतो. ‘डॉन ऑफ द डेड’मधलं (१९७८) रक्त रंगीत खडू वितळल्यासारखं भडक दिसतं, ते त्याच्या जखमा करणाऱ्या रंगभूषाकाराला, टॉम सॅव्हिनीलाही आवडलं नव्हतं. या माणसाने व्हिएतनाममध्ये युद्धछायाचित्रकार म्हणून खऱ्या जखमा पाहिल्या होत्या.

साखरेच्या रक्ताचे तोटेही आहेत. पंख्याखाली ते सुकतं आणि पापण्या चिकटतात, मुंग्या लागतात, आपल्या दमट हवेत तीन-चार दिवसांत बुरशी धरते. कातडीवर डाग राहू नये म्हणून आधी व्हॅसलिनचा पातळ थर लावतात. कपड्यांसाठीच्या रक्तात थोडं भांडी घासायचं लिक्विड घातलं तर ते धुऊन निघतं, पण असं रक्त तोंडाजवळ किंवा डोळ्यांजवळ न्यायचं नाही. दोन बाटल्या वेगळ्या ठेवायच्या आणि त्यांवर ठळक लिहायचं.

रक्ताची धार काढायला साठ मिलीची सिरिंज आणि मत्स्यालयाची हवेची नळी पुरते. नळी कॅमेऱ्याच्या उलट बाजूने, कापडाखालून नेतात. पहिल्याच टेकला ती फुसफुसते आणि शिंतोडे उडतात, कारण नळीत हवा राहिलेली असते. आधी रक्त टोकापर्यंत आणून ठेवलं की धार सलग येते.

कातडीचं काम अवघड. जिलेटिन आणि ग्लिसरीनची जखम स्वस्त पडते, पण ठाण्याच्या मे महिन्यात दिव्यांखाली ती माणसाच्या अंगावरच ओघळायला लागते. प्लॅटिनम सिलिकॉन टिकतं, दिसतंही खरं. त्याचा शत्रू गंधक. साध्या प्लॅस्टिसिनवर किंवा लॅटेक्सचे हातमोजे घालून काम केलं तर साच्याला लागलेला थर कधीच घट्ट होत नाही, चिकट राहतो आणि महागडं साहित्य फुकट जातं. गंधकविरहित माती आणि नायट्राइलचे हातमोजे, हा त्यावरचा उपाय. लिक्विड लॅटेक्समध्ये अमोनिया असतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि आदल्या दिवशी कोपराच्या आत थेंबभर लावून अ‍ॅलर्जी पाहायला हवी. चेहऱ्याचा साचा अल्जिनेटने, म्हणजे दातांचे ठसे घ्यायच्या पावडरीने, घेतात. पाणी कोमट असेल तर ते झपाट्याने घट्ट होतं, म्हणून उन्हाळ्यात थंड पाणी. नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या, एकाने फक्त श्वासावर लक्ष ठेवायचं आणि ‘थांबा’ची हाताची खूण आधी ठरवायची. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बादलीत हात बुडवून साचा घ्यायचा नाही, कधीच नाही. घट्ट होताना ते भाजण्याइतकं तापतं. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत असं करताना एका विद्यार्थिनीला बोटं गमवावी लागली. येऊरच्या रानात चित्रीकरण करणार असाल तर तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, वनविभागाची परवानगी आधी.

बाकी अर्धं काम आवाज करतो. काकडी, गाजर, कोबीचा दांडा मोडून हाडं मोडतात. शंका असेल तर एखादं अंगावर येणारं दृश्य आवाज बंद करून पाहा. त्याची धार लगेच बोथट होते.

हे सगळं माहीत असलेला माणूस ‘खरा खून चित्रित केला’ या जाहिरातीला फसत नाही. ती जाहिरात मात्र फार जुनी आहे. १९७६ मध्ये ‘स्नफ’ नावाचा सिनेमा न्यूयॉर्कमध्ये लागला. एका पडीक चित्रपटाला शेवटी बनावट खुनाचा तुकडा जोडला होता आणि तो खरा असल्याची कुजबुज मुद्दाम पसरवली होती. सरकारी वकिलांनी चौकशी केली तेव्हा ‘मारलेली’ नटी जिवंत निघाली. १९७८ च्या ‘फेसेस ऑफ डेथ’मध्ये माकडाचा मेंदू म्हणून जे खाताना दिसतं, ते लाल रंगात भिजवलेलं फ्लॉवर होतं. जपानच्या ‘गिनी पिग’ मालिकेतला हिदेशी हिनोचा भाग (१९८५) पाहून अभिनेता चार्ली शीनने १९९१ मध्ये थेट अमेरिकन तपासयंत्रणेकडे तक्रार केली. तो सिनेमा कसा केला, हे दाखवणारी चित्रफीत निर्मात्यांनी आधीच काढली होती. अशा सिनेमांची प्रत खराब असते, त्यामागेही कारण आहे. टेपची नक्कल, नक्कलेची नक्कल होत गेली की दाणे वाढतात आणि सिलिकॉनची कड त्यात लपते. आज हेच काम व्हॉट्सअ‍ॅपचं कॉम्प्रेशन करतं, त्यामुळे खरं आणि खोटं एकाच धुरकट दर्जाने आपल्यापर्यंत येतं. ओळखायची एक खूण सांगता येते. बनवलेल्या दृश्यात हत्यार लागण्याच्या नेमक्या क्षणी कट असतो किंवा कुणाची तरी पाठ मधे येते, आणि जखम नंतर व्यवस्थित उजेडात दिसते. खऱ्या घटनेत कॅमेरा उशिरा पोहोचतो, हलतो, चुकीकडे पाहतो. ही खूण नेहमीच पुरेशी ठरत नाही, म्हणून शंका आली की पुढे पाठवायचं नाही.

आता रेघ कुठे ओढायची ते. ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (१९८०) या सिनेमासाठी दिग्दर्शक रुजेरो देओदातोवर इटलीत खुनाचा संशय आला. कलाकार जिवंत आहेत हे त्याला दाखवावं लागलं. खांबावर खुपसलेल्या मुलीचं दृश्यही उलगडून सांगावं लागलं: लोखंडी खांबाला सायकलची सीट जोडली होती, मुलगी तिच्यावर बसली होती आणि तोंडात हलक्या बाल्सा लाकडाचं टोक धरून वर पाहत होती. हे कसब थोर आहे. याच सिनेमात कासव, माकड, डुक्कर मात्र खरोखर मारलेलं आहे. ते ‘काळाच्या संदर्भात’ पाहायला हवं, असं चाहते म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. सायकलच्या सीटवर माणसाचं मरण उभं करता येतं, तर कासवाचंही करता आलं असतं. तिथे दिग्दर्शकाने कारागिरी सोडली आणि जीव घेतला. भारतात सिनेमात प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाची मंजुरी लागते. या नियमावर निर्माते कुरकुरतात, पण तो योग्य आहे.

मुलांच्या बाबतीत रेघ आणखी अलीकडे ओढावी लागते. २०१० च्या ‘अ सर्बियन फिल्म’मध्ये बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराची बनवलेली दृश्यं आहेत. तो दाखवल्याबद्दल स्पेनमधल्या सिट्गेस महोत्सवाच्या संचालकावर कारवाई सुरू झाली होती. दिग्दर्शक त्याला राजकीय रूपक म्हणतो. असेल. पण आपल्याकडे पॉक्सो कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरची व्याख्या, बालक असल्याचं भासवणाऱ्या, बनवलेल्या किंवा बदललेल्या लैंगिक चित्रणापर्यंत पोहोचते. ‘सर्वांत भयंकर’ सिनेमांची यादी पूर्ण करायच्या ईर्ष्येने असा सिनेमा टेलिग्रामवरून उतरवून फोनमध्ये ठेवणाऱ्या मुलांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. त्या वळणावर प्रश्न अभिरुचीचा राहत नाही.

त्या यादीबद्दलही बोलायला हवं. ‘सर्वांत भयंकर पन्नास सिनेमे’ एकामागून एक संपवणं हा या छंदाचा सगळ्यात निरस भाग आहे. त्यांतले बहुतेक सिनेमे वाईट आहेत, लांबवलेले आहेत आणि त्यांच्याकडे सांगायला काही नाही. सहन केल्याची फुशारकी मारणारा आणि पाहणारा, या दोन वेगळ्या जाती आहेत.

विरोधकांचा मुख्य मुद्दा संवेदना बोथट होण्याचा. तो झटकून टाकण्यासारखा नाही. तीच ती दृश्यं वारंवार पाहिली की शरीराची प्रतिक्रिया मंदावते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. १९८९ मध्ये जपानमध्ये बालहत्यांसाठी पकडलेल्या माणसाच्या घरी हजारो व्हिडिओ टेप सापडल्या आणि बोट ‘गिनी पिग’कडे गेलं. पण त्या टेप लाखो लोकांनी पाहिलेल्या प्रकारच्या होत्या आणि खून एकाने केले. आवडीवरून गुन्हेगार शोधता येत नाही. खरी दृश्यं काय करतात, याचा पुरावा मात्र ठोस आहे. दिवसभर खरी हिंसा पाहून काढून टाकण्याचं काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मानसिक आघात झाला आणि २०२० मध्ये फेसबुकने त्यांच्याशी ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींवरचा हल्ला मारेकऱ्याने थेट प्रक्षेपित केला. पहिल्या चोवीस तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख प्रती अडवाव्या किंवा काढाव्या लागल्या. न्यूझीलंडने ती चित्रफीत बाळगणं आणि पसरवणं गुन्हा ठरवलं आणि पसरवणाऱ्यांना शिक्षाही झाल्या. तिथे यावर लोक ठाम राहिले, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

सरसकट बंदीचा अनुभव वेगळा आहे. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात ‘व्हिडिओ नॅस्टी’ म्हणून ७२ सिनेमांची यादी झाली, १९८४ मध्ये कायदा आला. झालं असं, की पुढच्या पिढीच्या चाहत्यांनी तीच यादी हातात धरून सिनेमे शोधले. एरवी विस्मरणात गेले असते असे कितीतरी टुकार सिनेमे त्या यादीने अमर केले. आपल्याकडे दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या १९७० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सिनेमांचं पूर्वपरीक्षण, म्हणजे सेन्सॉर, वैध ठरवलं. पण समाजातल्या सर्वांत दुबळ्या आणि सर्वांत विकृत माणसाला समोर ठेवून निरोगी माणसाने काय पाहावं ते ठरवू नये, असंही न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बजावलं. २०२३ च्या दुरुस्तीने यूए प्रमाणपत्र ७, १३ आणि १६ वर्षं असं विभागलं, हे त्या दिशेने चांगलं पाऊल आहे. प्रमाणपत्र नसलेला सिनेमा लोकांना बोलावून दाखवता येत नाही, मग ते सोसायटीचं क्लबहाउस का असेना. महोत्सवाला केंद्राकडून सूट मागावी लागते. वाशी किंवा ठाण्यात कुणाला असा महोत्सव भरवायचा असेल तर तोच मार्ग आहे.

घरात मूल हे पाहत असेल तर फोन हिसकावण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे बनवलेलं आहे की खरं, आणि कसं बनवलं हे तुला माहीत आहे का? दुसऱ्याचं उत्तर तो उत्साहाने देऊ लागला तर त्याला माती आणि सिलिकॉन आणून द्या. तो खरे अपघात आणि खून शोधून पाहत असेल, प्राण्यांचे हाल पाहून हसत असेल किंवा झोप-जेवण सोडून एकट्यानेच पाहत बसत असेल, तर मात्र समुपदेशकाकडे न्या, लाजू नका. रक्त पाहून भोवळ येणाऱ्याला ‘शांत हो, सैल सोड’ सांगू नये. रक्ताच्या भीतीत रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम पडतो. हात, पाय, पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, वीस-तीस सेकंद सोडायचं, असं पाच वेळा केल्याने तो सावरतो. तरीही गरगरलं तर आडवं होऊन पाय वर.

आणि सोसायटीच्या ग्रुपचे जे अ‍ॅडमिन आहेत त्यांनी जाहिराती आणि राजकारण यांवरच्या नियमांसोबत एक नियम आजच लिहावा: मृत किंवा जखमी माणसाचं दृश्य इथे टाकलं तर ते काढलं जाईल. गाडी उशिरा धावते आहे, हे कळवायला एक ओळ पुरते.